आवाजाला पिल्लं झाली का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका गेली तीन वर्षं घरून इंग्रजी-मराठी अनुवादाची कामं करतात. गोड्या पाण्यातल्या छोट्या जीवांवरचं मुलांसाठीचं एक पुस्तक त्यांनी नुकतंच केलं. त्यात ‘रिप्रोड्यूस’ हे क्रियापद चार ठिकाणी आलं : हायड्राच्या पिल्लांबद्दल, जुन्या चित्रांबद्दल, एका प्रयोगाबद्दल आणि शेवटी हक्कांच्या पानावर. त्या पानाचा मसुदा त्यांनी घाईत मशीनकडून घेतला, तो तपासायचा राहिला आणि छापून आलं : ‘प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय या पुस्तकाच्या कोणत्याही भागाचे प्रजनन करता येणार नाही.’ पानाचा फोटो अनुवादकांच्या ग्रुपवर फिरला, सगळे हसले. आता काम देणाऱ्या वरिष्ठांनी फर्मावलंय की यापुढे हा शब्द दिसला की सरसकट ‘पुनरुत्पादन’ लिहायचं. हायड्राचं वाक्यही त्यांनी तसं बदलायला घेतलं आहे. पत्रलेखिका विचारतात : सगळीकडे एकच शब्द ठेवणं बरोबर आहे का? एवढ्या साध्या क्रियापदाला मराठीत नेमका शब्दच नाही का? आणि माझं इंग्रजी इतकं कच्चं असेल तर मी हे काम सोडावं का?

प्रिय मैत्रीण,

खोटं कशाला सांगू, आधी मीही हसून घेतलं. पहिला आणि दुसरा धडा रात्री कपाटात शेजारी ठेवले आणि सकाळी उघडून बघते तर तिसरा, असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. मग माझं स्वतःचं आठवलं आणि हसू ओसरलं.

या कामात मी नवी होते तेव्हा एका ध्वनियंत्राची माहितीपुस्तिका माझ्याकडे आली होती. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘ध्वनीचे उत्कृष्ट पुनरुत्पादन’. मुद्रितं तपासणारे गृहस्थ वयस्कर होते, मोजकं बोलायचे. त्यांनी त्या ओळीला लाल पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘आवाजाला पिल्लं झाली का?’ मी शब्दकोश घेऊन भांडायला गेले. त्यांनी शब्दकोशाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, ‘हे यंत्र लावून गाणं ऐकलं तर ऐकणारा काय म्हणेल?’ मी म्हटलं, ‘म्हणेल, आवाज अगदी खराखुरा येतोय.’ ‘मग तेच लिहा की,’ म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

तर तुमच्या प्रश्नांकडे येते. शेवटचा आधी घेते, कारण पत्रभर तोच टोचतोय. तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं मला पत्रावरून अजिबात दिसत नाही. हक्कांच्या पानावरचं ते इंग्रजी वाक्य दहावीतल्या मुलालाही कळतं, तुम्हालाही कळलंच असतं. चूक झाली ती वाक्य मराठीत उतरल्यावर. ते कोणी मोठ्याने वाचलं नाही, तुम्ही नाही आणि तुमच्यानंतर ज्यांच्या हातांतून ते पान गेलं त्यांनीही नाही. मशीनने दिलेलं वाक्य व्याकरणाने चोख होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी, म्हणून नजर त्यावरून घसरली. वाक्य मोडकं असतं तर तुम्ही थांबला असता. शिवाय हक्कांचं पान नेहमी शेवटी होतं, थकलेल्या डोळ्यांनी. मी ते आता पुढच्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, सगळ्यात आधी करते. एवढ्यावरून काम सोडायचं म्हटलं तर या धंद्यात कोणी उरणार नाही.

आता ‘मराठीत शब्दच नाही’ हे गाऱ्हाणं. हे मी फार ऐकते आणि दरवेळी मला ते उलटं वाटतं. नक्कल, प्रत, प्रतिकृती, पुनर्मुद्रण, उतारा, हुबेहूब उतरवणं, जसंच्या तसं देणं, पडताळा येणं, पुन्हा घडवून दाखवणं. आणि दुसऱ्या अंगाला प्रजनन, वीण, पैदास, विणं, पिल्लं होणं, मूल होणं. इतके शब्द हाताशी असताना आपण म्हणतो की शब्द नाही! इंग्रजीने एकाच डब्यात काय काय कोंबलंय आणि आपल्याकडे त्याला वेगवेगळे डबे आहेत, एवढीच गोष्ट. अडचण आहे ती निवडण्याची.

इंग्रजीत हे एका डब्यात कसं आलं, ते तुमच्या पुस्तकाच्या विषयाशीच जोडलेलं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. मूळ शब्दात जन्म नाहीच. लॅटिनमध्ये ‘पुढे आणणे’ असा अर्थ असलेलं क्रियापद आणि त्याला जोडलेलं ‘पुन्हा’. एखादी गोष्ट पुन्हा पुढ्यात आणणे, इतकंच. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या निसर्गअभ्यासकाने 1712 साली खेकडे आणि क्रेफिश (गोड्या पाण्यातले नांग्यांचे झिंगे म्हणा हवं तर) यांच्या तुटलेल्या नांग्या पुन्हा कशा उगवतात यावर निबंध लिहिला. त्याने त्या उगवण्यालाच हा शब्द वापरला. म्हणजे जीवशास्त्रात हा शब्द शिरताना पिल्लांशी त्याचा संबंध नव्हता, तो दुरुस्तीचा शब्द होता. पुढे ट्रेम्ब्ले नावाच्या दुसऱ्या निसर्गअभ्यासकाने 1740 मध्ये तुमच्या हायड्राचे तुकडे केले. बघतो तर काय, प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा! तुटलेला भाग भरून येणं आणि नवा जीव होणं यांच्यातली भिंतच त्या इवल्याशा प्राण्याने पाडली. ब्युफाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने 1749 मध्ये आपल्या निसर्ग-इतिहासाच्या ग्रंथात एका प्रकरणाच्या मथळ्यातच हा शब्द सगळ्या सजीवांच्या संततीसाठी घेतला. नक्कल, छपाई, ध्वनिमुद्रण हे अर्थही त्याच ‘पुन्हा पुढे आणणे’मधून फुटत गेले.

आपला ‘प्रजनन’ तसा नाही. त्यात ‘जन्’ हा धातू उघड बसलेला आहे. जन्माशिवाय तो शब्द वापरताच येत नाही, म्हणून तुमच्या हक्कांच्या पानावर त्याने इतका दंगा केला. आणि ‘पुनरुत्पादन’ हा इंग्रजी शब्दाचे दोन तुकडे करून एकेकाचं मराठी करून जोडलेला. काही शास्त्रीय संज्ञांमध्ये तो रुळलाय, तिथे राहू द्या. पण बाहेर आणला की त्याला कारखान्याचा वास येतो.

म्हणून वरिष्ठांच्या फर्मानाशी मी सहमत नाही. त्यांची भीती मात्र मला समजते. एकदा हसं झालं की माणूस सगळ्यात निरुपद्रवी शब्द शोधतो. ‘पुनरुत्पादन’ कोणाला हसवणार नाही हे खरं, पण ते कोणाला काही सांगणारही नाही. मक्षिकास्थाने मक्षिका ही गोष्ट आपण नकलनविसाच्या मूर्खपणाची म्हणून सांगतो : मूळ पोथीत माशी चिकटून मेली होती, तर याने माशी मारून तिथेच चिकटवली. सरसकट एकच शब्द घालणं ही त्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती झाली. एकसारखेपणा हवाच, पण तो अर्थागणिक हवा. हायड्रा जिथे जिथे नवे हायड्रे तयार करतो तिथे पुस्तकभर एकच शब्द वापरा, हे योग्य. हायड्रा आणि झेरॉक्स यांना एकच शब्द, हे कशासाठी?

मग निवडायचं कसं? मी शब्दाचा अर्थ काय हे विचारणं कधीच सोडून दिलंय. मी विचारते : दुसऱ्यांदा जे आलं ते काय आहे? तेच आहे, तसंच आहे, की तसलं आहे?

तेच म्हणजे तीच घटना, तोच परिणाम पुन्हा. प्रयोग, यंत्रातला बिघाड, एखादा आजार प्राण्यांमध्ये मुद्दाम घडवून पाहणं, हे इथे येतं. तसंच म्हणजे मूळ एकीकडे आणि त्याची प्रत दुसरीकडे : चित्र, उतारा, आवाज, सही. आणि तसलं म्हणजे त्याच जातीचं, पण दुसरं. मांजरीचं पिल्लू मांजरच असतं, ती मांजर नसतं. खाण तशी माती म्हणतो ना आपण, तिथेही माती खाणीसारखी असते, खाण नसते.

तुमची चार वाक्यं यात घालून बघा. चित्रांचं वाक्य तसंच मध्ये जातं : ‘ही चित्रं मूळ हस्तलिखितावरून घेतली आहेत’ किंवा नुसतं ‘मूळ चित्राची प्रत’. इथे एक खाच आहे. इंग्रजीत ‘हा फोटो चांगला रिप्रोड्यूस होत नाही’ असंही म्हणतात. कर्म नाही, म्हणून मशीनला वाटतं की हा फोटो निपुत्रिक आहे. एरवी ती खूण उपयोगी आहे बरं का : पुढे कर्म असेल तर बहुधा नक्कल किंवा पुन्हा घडवणं, कर्म नसेल तर बहुधा पिल्लं. पण छपाईच्या बाबतीत ती फसवते. आपण तिथे ‘फोटो छपाईत नीट उतरत नाही’ म्हणतो, आणि ‘उतरणं’ हा काय सुंदर शब्द आहे.

हक्कांचं पानही तसंच मध्येच, पण तिथे हात आखडता घ्या. पटकन सुचतो तो ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द. तो अपुरा आहे. पुन्हा छापायला बंदी केली तर स्कॅन करणारा, मोबाइलवर फोटो काढणारा, मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रण करणारा, सगळे सुटले. लेखकांच्या हक्कांबद्दलचा जो आंतरराष्ट्रीय बर्न करार आहे, त्यात 1967 च्या स्टॉकहोम दुरुस्तीने जे नववं कलम आलं, त्यात लेखकाच्या या हक्काचं वर्णन ‘कोणत्याही रीतीने, कोणत्याही स्वरूपात’ असं आहे. तेवढी व्याप्ती मराठीत यायला हवी. खऱ्याखुऱ्या करारनाम्याचं काम असेल तर स्वतःच्या मनाने शब्द बसवू नका, कायद्याच्या अधिकृत मराठी पाठात जो शब्द असेल तोच घ्या, मग तो कानाला कितीही खडबडीत लागो. तिथे वाचकाच्या कानापेक्षा वकिलाचा कान महत्त्वाचा.

प्रयोगाचं वाक्य तेच मध्ये, आणि इथे मी तुम्हाला ‘पडताळा’ हा शब्द भेट देते. ‘दुसऱ्या प्रयोगशाळेत या निष्कर्षाचा पडताळा आला नाही.’ बघा किती नेमकं बसतं. प्रयोग खोटा होता असं आपण म्हणत नाही, पुन्हा करून पाहिलं तर तसं आलं नाही, इतकंच म्हणतो. हा फरक क्षुल्लक नाही. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निकाल प्रसिद्ध झाले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांमध्ये परिणाम सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय होता, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता येणार नाही असा. पुन्हा केल्यावर तसा तो फक्त 36 टक्क्यांमध्ये दिसला. ही बातमी मराठीत देताना ‘बाकीचे अभ्यास खोटे ठरले’ असं लिहिलं तर तो अनुवाद राहत नाही, आरोप होतो. वैज्ञानिकांच्या लिखाणात आणखी एक सूक्ष्म भेद असतो. मूळ आकडेवारी आणि मूळ गणिती पद्धत घेऊन तेच उत्तर येतं का हे पाहणं वेगळं, आणि अख्खा प्रयोग नव्याने करून नवी आकडेवारी जमवणं वेगळं. त्यांच्या इंग्रजीत यांना दोन वेगळे शब्द आहेत आणि कोणता कशाला यावर विद्याशाखांमध्येच एकमत नसतं. म्हणून शब्दाकडे न बघता लेखकाने नेमकं काय केलंय ते बघून तेवढं सरळ सांगा : ‘त्याच आकडेवारीवरून पुन्हा हिशेब केला’ किंवा ‘प्रयोग नव्याने केला’.

सॉफ्टवेअरवाल्यांचं मी फार मनावर घेत नाही. ते आपसांत ‘बग रिप्रोड्यूस होत नाहीये’ असंच बोलतात आणि त्यांना तेच कळतं. वापरणाऱ्यांसाठी लिहायचं असेल तेव्हा ‘ही अडचण पुन्हा कशी येते ते पायरीपायरीने लिहा’ इतकं पुरतं.

तसलं मध्ये मात्र शब्द पुष्कळ आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. पाठ्यपुस्तकात प्रजनन. गोठ्यात गाय विते. माणसाने हाताशी धरून वाढवलं तर ती पैदास. हा शब्द माणसांबद्दल वापरला की शिवी होते, हे मशीनला कोणी सांगितलेलं नसतं. आणि माणसांच्या साध्या गोष्टीत ‘त्या जोडप्याला प्रजनन करता आले नाही’ असं लिहिलंत तर मी स्वतः तुमच्या घरी येईन. त्यांना मूल झालं नाही. ‘प्रजननक्षम वय’, ‘प्रजनन आरोग्य’ हे दवाखान्याच्या कागदावर ठीक, कारण तिथे तो शब्द एखाद्या घरातल्या दुःखाला हात लावत नाही.

माझे हे तीन डबे सगळीकडे पुरतात असं समजू नका. साथीच्या बातम्यांमधला ‘आर नॉट’ आठवतो? गोवरासाठी तो साधारण 12 ते 18 सांगतात, म्हणजे कोणालाही प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण सरासरी तितक्यांना गोवर देतो. त्याच्या पूर्ण इंग्रजी नावात, ‘बेसिक रिप्रोडक्शन नंबर’मध्ये, हाच शब्द आहे. विषाणू पेशीत स्वतःच्या प्रती काढतो, पण हा आकडा त्या प्रती मोजत नाही, लागण झालेली माणसं मोजतो. कल्पना लोकसंख्याशास्त्रातली आहे. तिथे एका स्त्रीमागे पुढच्या पिढीत किती मुली, हे मोजतात. आता याला मराठीत काय म्हणाल? ‘पुनरुत्पादन संख्या’ शास्त्रीय लेखात चालेल, बातमीत ‘एकापासून किती जणांना’ असं लिहा आणि मोकळ्या व्हा. समाजशास्त्रात शाळा विषमता ‘रिप्रोड्यूस’ करते असं वाक्य येतं, तिथेही तिन्ही डबे बाजूला ठेवून ‘विषमता पुढच्या पिढीत तशीच उतरते’ म्हणावं लागतं.

आणि डॉली! 5 जुलै 1996 ला जन्मलेली ती मेंढी एका प्रौढ मेंढीच्या आचळातल्या पेशीपासून केलेली होती. तसंच म्हणावं तर ती जिवंत कोकरू म्हणून जन्माला आली होती, तसलं म्हणावं तर तिचं केंद्रकातलं सगळं जनुकीय द्रव्य त्या दुसऱ्या मेंढीचं. पुढे ती स्वतः चारचौघींसारखी व्याली, 1998 मध्ये तिला पहिलं कोकरू झालं. इंग्रजीत या दोन्ही वाक्यांना एकच क्रियापद पुरलं असतं. मराठीत पहिल्या वाक्यात ‘प्रतिरूप’ (म्हणजे क्लोन) लिहावं लागतं आणि दुसऱ्यात ‘व्याली’, आणि गोष्ट काय आहे ती तिथेच कळते.

आता करायचं काय ते सांगते. प्रकाशकाला आजच दोन ओळींचं पत्र टाका. सबबी नकोत, मशीनचं नाव नको, घाईचं कारण नको. चूक कोणत्या पानावर, कोणती ओळ आणि तिच्याऐवजी काय छापायचं ते तयार वाक्य द्या. उदाहरणार्थ : ‘प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय या पुस्तकाच्या कोणत्याही भागाची, कोणत्याही स्वरूपात, प्रत काढता, साठवता किंवा प्रसारित करता येणार नाही.’ पुढच्या छपाईत ते बदलेल, डिजिटल आवृत्ती असेल तर लगेच.

ग्रुपवर काही लिहायचं असेल तर स्वतःच आधी हसा आणि दुरुस्त वाक्य टाका. तिथल्या निम्म्या लोकांच्या पोटात अशीच एखादी ओळ असते. आणि इतर अनुवादक हे वाचत असतील तर त्यांना विनंती, फोटो पुढे ढकलण्याआधी ज्याची चूक आहे त्याला एक निरोप करा.

वरिष्ठांशी वाद घालू नका, त्यांना एक पान करून द्या. त्यावर शब्दाला शब्द नको, वाक्याला वाक्य लिहा : डावीकडे इंग्रजीतलं खरं वाक्य, उजवीकडे तुमचं मराठी. दहा-बारा वाक्यं पुरेत. नुसत्या शब्दांच्या यादीवर माणसं अडून बसतात. ‘फोटो छपाईत उतरत नाही’ आणि ‘फोटोचे पुनरुत्पादन होत नाही’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवलीत की तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. तरी ते ऐकले नाहीत, तर संज्ञांच्या जागी त्यांचा शब्द ठेवा आणि बाकीच्या ठिकाणी वाक्यच असं फिरवा की तो शब्द लागणारच नाही. मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. अजून कोणी पकडलेलं नाही.

राहता राहिलं हायड्राचं वाक्य. तुम्ही लिहिलं होतं : ‘पोटभर खायला मिळालं की हायड्राच्या अंगावर एक फुगवटा येतो, त्याला हातपाय फुटल्यासारखे तंतू फुटतात आणि एक दिवस ते पिल्लू आईला सोडून जातं.’ वरिष्ठांना तिथे ‘हायड्रा मुकुलायनाद्वारे पुनरुत्पादन करतो’ हवंय. मुलांना मुकुलायन हा शब्द कळायला हवा, तो पुढच्या वाक्यात घाला : ‘या पद्धतीला मुकुलायन म्हणतात.’ पहिल्या वाक्याला मात्र कोणाला हात लावू देऊ नका.